थिकसेटमधला 'सेट' नक्की कुठला?

परभणीकर_मास्तर:
नमस्कार मंडळी, मी परभणीत दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. काल उताऱ्यात एका माणसाला थिकसेट म्हणलंय, थिक म्हणजे जाड हे सगळ्यांना माहिती, पण मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं सर मग सेट कामून, आणि मी अडकलो. मोबाईलवर टाकलं तर 'जाड संच' आलं. ठेंगणा पण भरलेला, मजबूत माणूस एवढा अर्थ मला कळतो, पण तो या शब्दाला चिकटला कुठून? ती पोरगी परत विचारणारच, तिला खरं उत्तर द्यायचंय.

तालीम_लातूर:
सर जिममधला सेट असंल, डिप्सचे चार सेट मारले की छाती भरते, त्यावरून.

शेतीमाती_जालना:
नाही दादा, शब्द जिमच्या लई आधीचा आहे. इंग्रजीत १४ व्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो आणि तेव्हा माणसाशी संबंधच नव्हता, एकमेकाला खेटून लावलेली झाडं, दाट कुंपण, असा अर्थ. सेट म्हणजे लावलेला, रोवलेला. आजही तिकडं लावणीच्या बारक्या कांद्याला सेटच म्हणतात, आणि जिवंत काटेरी झाडांच्या कुंपणाला क्विकसेट, त्यातला क्विक म्हणजे लवकर नाही, जिवंत. माणसाच्या अंगाला हा शब्द १८ व्या शतकात वापरलेला दिसतो, हाडं-मांस दाटीनं बसवलेलं, मधे फट नाही असा. त्याच शतकात दाट लवीच्या टणक सुती कापडालाही थिकसेट म्हणायचे, कामकरी लोक त्याचे कपडे घालायचे. म्हणून सर पोरांना 'जाड' सांगू नका, 'दाट' सांगा. आपल्याकडं जाड म्हणलं की लठ्ठ समजतात, आणि थिकसेट माणूस लठ्ठ असलाच पाहिजे असं काही नाही.

नांदेडची_लेक:
वा ताई किंवा दादा जे असाल ते, हे वाचून मला आमच्या आजीचं 'हाडापेरानं मजबूत' आठवलं, पेर ऊस-ज्वारीलाही असतं, म्हणजे आपल्याही अंगाच्या मापात शेत आलंच की. ठेंगण्या-भरलेल्या माणसाला इंग्रजीत स्टॉकीपण म्हणतात, त्याचंही तेच, स्टॉक म्हणजे मुळात झाडाचं खोड. आणि सेट हा सिटचाच भाऊ, सिट बसणं आणि सेट बसवणं, आपण 'बसका बांधा' म्हणतो तसं. बसणं आणि सिट हे शब्द एका मुळाचे नाहीत बरं का, पण दोन्ही भाषांना बुटक्या-रुंद माणसात बसणंच दिसलं हे मला लई भारी वाटलं.

तालीम_लातूर:
बरोबर आहे, माझंच चुकलं. आमच्या तालमीत वस्ताद असल्या गड्याला 'गठलेला' म्हणतात, ते दाटच झालं की.

परभणीकर_मास्तर:
मनापासून आभार सगळ्यांचे, गठलेला हा शब्द फळ्यावर लिहिणार. अजून एक, हेवीसेट, म्हणजे भारी अंगाचा, हा शब्द पण असाच का?

शेतीमाती_जालना:
हो सर, पण तो लई नंतरचा, थिकसेटच्याच धर्तीवरचा, अमेरिकेत जास्त चालतो. त्यात वजन आलं, कुंपण राहिलं नाही.