मदत हवी आहे: टीडीएस मीटरचा आकडा दर वेळी वेगळा येतो

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यातच. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की मचूळ लागते, डाळ तर त्यात शिजतच नाही. मागच्या आठवड्यात पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ऑनलाइन मागवला. टोपण काढलं, स्टीलच्या ग्लासात बुडवला: बोअर १८४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नळ ४१२, घरच्या आरओचं ६५.

दुपारी त्याच बोअरचं, टाकीत तापलेलं पाणी मोजलं तर १९७०! आई म्हणे, "यंत्रालेच उन्ह लागलं वाटते." मीटर पाण्यातली वीजवाहकता मोजून आकडा काढतो, तापमानाने फरक पडतो, एवढं माहीत आहे. पण माझ्या मीटरवर तापमान आपोआप जुळवतो असं छापलंय, तरी १३० चा फरक?

दोन वापरांच्या मधे दांडी कशाने धुता? मी नळाच्याच पाण्याने धुतो, तिथेच चुकतंय का? मीटरचा आकडा तपासून जुळवायचं ३४२ पीपीएमचं कॅलिब्रेशन द्रावण अमरावती-अकोल्यात कुठे मिळतं?

आणखी एक. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं, असं मानक आहे. पण या मीटरला फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू वेगळे कळत नाहीत. म्हणून नळाच्या ४१२ वर शेजारचे काका खूश असले तरी मी नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कोणी नमुना दिलाय का? बाटली कशी भरायची, किती वेळात पोचवायची?