घर बदलताना पोपट आधी न्यायचा की शेवटी?

डोंबिवलीकर_७:
गेल्या महिन्यात बिऱ्हाड पुण्याला हलवलं. सोबत चार वर्षांचा कोकाटील (तुरेवाला छोटा विदेशी पोपट), टिल्लू. माझं मत सरळ आहे: पक्षी सगळ्यात शेवटी न्यावा. आम्ही त्याला आठ दिवस ताईकडे ठेवलं. नव्या घरात सुतारकाम, पॉलिशचा वास, पेस्ट कंट्रोल, वर वास्तुशांतीचा होम. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे विषारी धूर त्याला आपल्या कितीतरी आधी बाधतो. कोळशाच्या खाणीत विषारी वायू आधी कळावा म्हणून पूर्वी कॅनरी पक्षी न्यायचे ते उगाच नाही. सगळं आवरलं, खिडक्या दोन दिवस उघड्या ठेवल्या आणि मग त्याला आणलं. त्याच संध्याकाळी गडी राळ्याचं कणीस फोडत बसला! "लहान मुलाला ठेवाल का असं मागे?" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं: गॅसवर विसरलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने मूल दगावत नाही, पोपट दगावतो.

रानजाई:
होमाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाकी नाही. आठ दिवस ताईकडे म्हणजे त्याच्या हिशेबाने तुम्ही एकदा नाही, दोनदा घर बदललंत, आणि माणसंही गायब केलीत. हा थव्यातला पक्षी. सोबती नजरेआड झाला की हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. आमच्या कन्युअरला (हाही विदेशी पोपटच) मी असंच शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. पाचव्या दिवशी बघते तर छातीवरची पिसं उपटलेली. ती खोड जायला वर्ष लागलं.
माझ्या मते रंग-पॉलिश आधी उरकून घ्या आणि पक्षी आपल्याबरोबरच न्या. एक खोली सर्वांत आधी लावायची, दार बंद. पिंजरा जुनाच, दांडी तीच, कुरतडलेली शिडीसुद्धा तीच. एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, म्हणजे चारी बाजूंनी कोण येतंय याची धास्ती राहत नाही. नवा मोठा पिंजरा घ्यायची हौस त्याच आठवड्यात भागवू नका.

डोंबिवलीकर_७:
टिल्लू दर दिवाळीत ताईकडेच असतो. ताई आणि शेजारी एकच का?

रानजाई:
मग हे आधी लिहायचं होतं. तुमचा नियम "ज्याला ताई आहे त्याने" असा झाला की!

घाटवाट:
दोघंही प्रवासाबद्दल बोलतच नाही आहात. मोठा पिंजरा टेम्पोत सामानावर बांधून नेलेला मी स्वतः पाहिलाय. लहान पेटी घ्या, दांडी अगदी खाली लावा, हलणारी खेळणी काढा. पाण्याची वाटी घाटात सांडतेच, त्यापेक्षा काकडीच्या फोडी ठेवा. थांबलात तर बंद गाडीत पक्षी ठेवून चहाला जायचं नाही. आणि हो, निघण्यापूर्वी पंख कापून घ्या, म्हणजे उडायची पिसं हो. नव्या घरात पंखा, काच, उघडी बाल्कनी. एकदा उडाला की संपलं.

रानजाई:
पंख कापायला माझा ठाम विरोध. आधीच बावरलेल्या पक्ष्याकडून पळून जायची सोयही काढून घ्यायची? शिवाय अर्धवट कापलेला पक्षी वाऱ्यावर बाहेर जातोच, फक्त परत येऊ शकत नाही. काचेला आठ दिवस वर्तमानपत्र चिकटवा, पंख्याचं बटण टेपने बंद करा.

घाटवाट:
भाड्याच्या घरात जाळी लावू देत नाहीत हो सगळे मालक. तुमचं बरोबर असेलही, माझा धीर होत नाही.

मिठूचे_बाबा:
आमच्या कंठवाल्या मिठूलाही पुढच्या महिन्यात नाशिकला न्यायचंय. रात्री घाबरू नये म्हणून काय करता?

घाटवाट:
दादा, कंठवाला पोपट देशी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही. न्यायचं सोडा, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. स्वतःहून उडवून मात्र देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला बाहेर टिकत नाही.
रात्रीचं म्हणाल तर ते कोकाटीलवाल्यांनी ऐका. नव्या सावल्यांना दचकून हे पक्षी अंधारात पिंजऱ्यावर आपटतात. झिरोचा बल्ब लावून ठेवायचा.

रानजाई:
डोंबिवलीकर, एक विचारू? टिल्लूचं वजन केलं होतंत का?

डोंबिवलीकर_७:
किचनच्या काट्यावर. ताईकडे सोडताना ९२ ग्रॅम, आणला तेव्हा ८५.

रानजाई:
म्हणजे साडेसात टक्के गेले. दहाच्या आसपास गेलं की आम्ही डॉक्टर गाठतो. त्या संध्याकाळचं कणीस आनंदाचं नव्हतं हो, भुकेचं होतं.

डोंबिवलीकर_७:
... आता ९० आहे. ताईला हे कोणी सांगू नका.