वाशी, खळ आणि सुमी

वाशी (पारंपरिक जपानी कागद) नाजूक, म्हणून आधी कॅनव्हासला चिकटवा आणि मग त्यावर शाईने अक्षरं काढा, असा सल्ला एकाने दिलाय. पटलं नाही. वाशीतले कोझोचे (तुतीच्या कुळातलं झाड) तंतू लांब असतात, ओला कागदही सहजी फाटत नाही. उलट खालून पांढरा गोंद लागला की तंतू बुजतात, शाई आत शिरत नाही आणि कडेला फुटणारी ती सुंदर करडी झालर, निजिमी, जाते ती जातेच. आधी लिहायचं, मग मागून दुसरा वाशी लावायचा. त्याला उराउची म्हणतात.

त्याची खळ कणकेची नाही, ग्लूटेन काढलेल्या गव्हाच्या स्टार्चची. म्हणजे आपला कुरडयांचा चीकच की! मी तोच शिजवून, गाळून, ताकाइतका पातळ करून वापरते. फक्त शाई जपा. माझं बाटलीतल्या स्वस्त शाईने लिहिलेलं एक अक्षर खळीचा ब्रश फिरताच मिशा फुटल्यासारखं पसरलं. सुमी या जपानी काळ्या शाईची कांडी म्हणजे काजळी आणि सरस. ती दगडावर ताजी उगाळून लिहिलं आणि आठवडाभर वाळू दिलं, तेव्हा रेघ हललीसुद्धा नाही. कालची उरलेली उगाळ मात्र नको, त्यातला सरस मरतो.