घरी रंगीत लेझर प्रिंटर: कमी छापता, म्हणूनच घ्या

कोरा कागद (धागाकर्ता)

घरात महिन्याला जेमतेम पाच-सात पानं छापली जातात, मग रंगीत लेझर कशाला, असं हल्ली जो भेटेल तो मला विचारतो. माझं उत्तर उलटं आहे. छपाई कमी आहे म्हणूनच लेझर घ्यायचा.

इंकजेटची शाई पातळ असते आणि कागदावर शाई उडवणाऱ्या भागातल्या, म्हणजे हेडमधल्या, केसाहून बारीक छिद्रांतून ती बाहेर पडते. प्रिंटर काही आठवडे पडून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. मग ‘हेड क्लीनिंग’. त्या सफाईत खर्च होणारी शाई कागदावर येतच नाही, ती आतल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते आणि पॅड भरला की प्रिंटर काम थांबवतो. म्हणजे कमी छापणाऱ्याची शाई सफाईतच जास्त जाते. लेझरमध्ये शाईच्या जागी टोनर असतो आणि त्यात वाळण्यासारखं काही नसतंच. ती प्लॅस्टिकची भुकटी असते, त्यात रंगद्रव्य आणि थोडं मेण. लेझरचा किरण ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विद्युतभाराचं चित्र काढतो, भुकटी तिथे चिकटते, ट्रान्सफर बेल्टवरून कागदावर येते आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या फ्यूजरखाली वितळून कागदाला धरून बसते.

नुकताच छापलेला नकाशा हातात घ्या. निळ्या नद्या, लाल सीमा, पिवळी मैदानं. ओलं बोट फिरवा, नदी जागची हलत नाही. त्यावर हायलायटर ओढा, अक्षर फिसकटत नाही. मुलांच्या हातात जाणाऱ्या कागदाला हे लागतंच.

छपाई क्वचित, पण लागली की तिथल्या तिथे लागते, अशा घरांबद्दल मी बोलतोय. रोज छापणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकेल.

शाईची दौत

अजिबात पटलं नाही. तुम्ही जुन्या, बोटभर कार्ट्रिजच्या इंकजेटचे दोष सगळ्या इंकजेटच्या माथी मारताय. टाकीवाल्या प्रिंटरमध्ये शाई बाटलीनं ओतायची असते आणि एका भरणीत हजारो पानं निघतात. आठवड्याला एक रंगीत पान काढलं की हेड मोकळं राहतं. बऱ्याच मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, तिच्यावर पाणी पडलं तरी अक्षर टिकतं.

आणि फोटोंचं काय? लेझरवर छापलेला चेहरा जवळून बघा. गालावर ठिपक्यांची जाळी दिसते, संध्याकाळच्या आकाशात रंग हळूहळू न बदलता पट्ट्यापट्ट्यांनी बदलतो. भुकटीचे चार रंग ठिपक्यांच्या दाटीवर मिसळायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? इंकजेट शाईचे सूक्ष्म थेंब टाकतो, फोटोच्या कागदावर ते मुरतात आणि एका रंगातून दुसऱ्यात जाणारे उतार मऊ येतात.

विजेचंही बघा. इंकजेट छापताना साध्या दिव्याएवढी वीज घेतो. लेझरचा फ्यूजर तापायला लागला की मागणी हजार वॉटच्या घरात जाते, खोलीतला दिवा क्षणभर मिणमिणतो. साध्या यूपीएसवर लेझर लावू नका असं बहुतेक माहितीपुस्तिकांत बजावलेलं असतं. शिवाय पंधरा-वीस किलोचं धूड. ते ठेवायचं कुठे?

कोरा कागद

दौत, फोटो तुमचे. लेझरवर फोटो सुंदर येतात असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ज्याला भिंतीवर लावायला फोटो छापायचेत त्यानं लेझरच्या वाटेला जाऊ नये.

पण ‘आठवड्याला एक रंगीत पान काढा’ हेच मला खटकतं. गरज नसताना, निव्वळ यंत्र जिवंत राहावं म्हणून छापायचं. सुट्टीत घर बंद असताना ते पान कोण काढणार? परत आल्यावर नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज द्यायचा असतो आणि पानावर निळ्याच्या जागी पांढऱ्या रेघा उमटतात. लेझर तीन महिने बंद राहिला तरी बटण दाबल्यावर थोडा गुरगुरतो आणि पान बाहेर टाकतो. मला या भरवशाची किंमत फार वाटते.

कृष्णधवल

तुम्ही दोघंही रंगातच अडकलात. घरातले छापील कागद एकदा समोर पसरा: अर्ज, तिकिटं, करारनामे, गृहपाठ, पाककृती. त्यातल्या किती पानांना रंग खरोखर हवा होता?

एकरंगी लेझरमध्ये एक टोनर, एक ड्रम, एक फ्यूजर. रंगीतमध्ये चार टोनर, बहुतेक ठिकाणी चार ड्रम, बेल्ट आणि वाया गेलेल्या भुकटीचा डबा. बिघडण्याच्या जागा वाढतात त्या वाढतातच. वर बऱ्याच रंगीत मॉडेलांत फक्त काळं पान काढलं तरी रंगांचे ड्रम सोबत फिरतात आणि झिजतात. चालू केल्यावर रंग जुळवण्यासाठी जी खटपट चालते, तीही थोडी भुकटी खातेच. काही प्रिंटर तर पिवळा संपला म्हणून काळं पान द्यायलाही नकार देतात. ज्याला वर्षातून थोडीच रंगीत पानं लागतात त्यानं चार रंगांचा संसार का सांभाळायचा? ती पानं बाहेर छापून आणावीत.

कोरा कागद

रंग ‘लागतो किती’ हे रंग हाताशी आहे का यावर ठरतं. घरात काळाच प्रिंटर असला की माणूस आलेखाच्या चार रेषा चार राखाडी छटांत छापतो आणि मग कुठली कुणाची ते पेननं लिहीत बसतो. रसायनशास्त्राच्या आकृत्या, शिवणाचे नमुने, औषधांच्या वेळांचा तक्ता. वयस्कर माणसाला ‘सकाळची लाल चौकटीतली, रात्रीची निळ्या चौकटीतली’ असं दाखवता आलं तर गोळ्यांचा घोळ होत नाही. हा रंग शोभेचा नाही.

पान्हा

प्रिंटर दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण खरेदीत फसतो तो माणूस तंत्र निवडण्यात कमी आणि मॉडेल निवडण्यात जास्त फसतो.

१९८४ साली एचपीचा लेझरजेट टेबलावर बसू शकला त्यामागे कॅननची एक सोय होती. ड्रम आणि टोनर एकाच डब्यात. डबा बदलला की झिजणारा महत्त्वाचा भाग आपोआप नवा होत असे, तंत्रज्ञ बोलवावा लागत नसे. रंगीत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: ड्रम टोनरच्या डब्यातच आहे की वेगळा? वेगळा असेल तर टोनर स्वस्त वाटतो, पण पुढे कधीतरी ड्रमचा खर्च येतोच. बेल्ट आणि वाया भुकटीचा डबा घरच्या घरी बदलता येतो का? फ्यूजर बदलता येतो का? काही स्वस्त मॉडेलांत बेल्ट गेला की प्रिंटरच गेला. ही माहिती खोक्यावर नसते, कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत असते. तिथे बेल्टचा क्रमांकच सापडला नाही तर काय ते समजा.

दुसरं म्हणजे पानांचा आकडा. रंगीत टोनरची क्षमता आयएसओ/आयईसी १९७९८ या मानकानुसार मोजतात, एकरंगीची १९७५२ नुसार. ठरावीक नमुना पानं सलग छापून टोनर संपेपर्यंत मोजणी होते. घरी आपण एक पान काढतो, प्रिंटर झोपतो, तासाभरानं दुसरं काढतो. दर वेळी रोलर फिरतात, सफाई होते. त्यामुळे घरी तो आकडा गाठला जात नाही. मॉडेलांची आपसात तुलना करायला मात्र तो चांगला. आणि नव्या प्रिंटरसोबत येणारे टोनर बहुधा ‘स्टार्टर’ असतात, कमी भरलेले. ते लवकर संपले म्हणून प्रिंटरला शिव्या देऊ नका.

कृष्णधवल, रंगांचे ड्रम फिरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बऱ्याच यंत्रांना लागू आहे, सगळ्यांना नाही. काही मॉडेलं काळ्या पानाच्या वेळी बेल्ट किंवा रंगांचे ड्रम बाजूला सरकवतात. पण ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘ग्रेस्केल’ (फक्त काळ्या-राखाडी छटा) निवडलेलं नसेल तर राखाडी अक्षरं तीन रंग मिसळून छापली जातात आणि काळं वाटणारं पानसुद्धा रंग खातं. ही एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला.

आता रोजची तक्रार: ‘पानावर डाग येतो.’ डाग कुठे येतो याहून तो परत कधी येतो ते महत्त्वाचं. फूटपट्टी घ्या आणि एका डागापासून पुढच्या डागापर्यंतचं अंतर मोजा. प्रत्येक रोलरचा घेर वेगळा, म्हणून ते अंतरच दोषी भाग सांगतं. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवरचा ओरखडा साधारण ७५ मिलिमीटरनं परत दिसतो, ३० च्या ड्रमवरचा ९४ नं. पुष्कळ दुरुस्तीपुस्तिकांत सगळ्या रोलरांची अशी अंतरं दिलेली असतात. डाग एकाच रंगाचा असेल तर त्याच रंगाचा ड्रम बघा. सगळ्या रंगांत असेल तर बेल्ट किंवा फ्यूजर. लोक डाग दिसला की चारही टोनर बदलतात, पैसे जातात आणि डाग तिथेच राहतो.

इंकजेटचा चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये चुकूनही घालू नका. त्यावरचा थर फ्यूजरला वितळून चिकटतो आणि फ्यूजर बाद होतो. भुकटी सांडली तर गार पाणी आणि ओलं फडकं, गरम पाणी लावलंत तर ती तिथेच पक्की बसेल. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, भुकटी इतकी बारीक असते की साध्या गाळणीतून परत हवेत येते. आणि कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका. कागद हवेतली ओल ओढतो, मग पानं वळतात, अडकतात आणि दोष प्रिंटरवर येतो.

शाईची दौत

पान्हा, फार उपयोगी लिहिलंत. पण एक मोठी गोष्ट राहिली. टोनरच्या डब्यावर चिप असते. फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं की कालपर्यंत चालणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या टोनरबद्दल आज ‘ओळखता येत नाही’ असा संदेश येतो. आपण विकत घेतलेल्या यंत्रात कुठली भुकटी घालायची हे दुसऱ्यानं ठरवायचं? २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या जोरावर अडवता येत नाही. पण चिपचं कुलूप त्या निकालानं उघडलेलं नाही. टाकीत शाई ओतणाऱ्याला हा जाच सहसा नसतो.

कोरा कागद

हा मुद्दा खरा आहे आणि मलाही त्याचा राग येतो. म्हणूनच मी सांगतो की घेण्याआधी त्या मॉडेलला दुसऱ्यांचे टोनर चालतात का ते बघा आणि आपोआप अपडेट होण्याची सोय बंद करता येते का तेही बघा. ज्या मॉडेलात इंटरनेट आणि कंपनीचं खातं यांच्याशिवाय पानच निघत नाही, ते मी कुणालाही सुचवणार नाही, मग ते लेझर असो वा इंकजेट.

खिडकीपाशी

हवेबद्दल कुणीच बोललं नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी ६२ लेझर प्रिंटर तपासले. त्यातल्या १७ मधून अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होते, तर बऱ्याच यंत्रांतून जवळजवळ नाहीच. म्हणजे सगळे लेझर वाईट नाहीत, पण सगळे सारखेही नाहीत. जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ या पर्यावरणस्नेही उत्पादनांच्या चिन्हासाठी या कणांवर मर्यादा घातलेली आहे, घेताना ते चिन्ह शोधता येतं. माझ्या घरात दम्याचा त्रास असलेलं माणूस आहे. झोपायच्या खोलीत लेझर ठेवायला मी कधीही तयार होणार नाही.

पान्हा

योग्यच आहे. खिडकी असलेली खोली, भिंतीपासून थोडं अंतर आणि पंख्याचा झोत माणसाकडे येणार नाही अशी जागा. जुन्या यंत्रांत ड्रमवर विद्युतभार चढवणाऱ्या तारेमुळे, म्हणजे कोरोना वायरमुळे, ओझोनही बराच तयार व्हायचा. आताच्या घरगुती यंत्रांत तिच्या जागी बहुधा ड्रमला टेकून फिरणारा चार्ज रोलर असतो, त्यानं तो खूप कमी झालाय.

तिसरी ओळ

रंगीत लेझर घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. अनेक रंगीत लेझर पानभर फिकट पिवळे ठिपके छापतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. निळ्या प्रकाशात भिंगानं पाहिलं तर दिसतात. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेनं झेरॉक्सच्या डॉक्युकलर प्रिंटरचे ठिपके उलगडून दाखवले: छापल्याची तारीख, वेळ आणि यंत्राचा अनुक्रमांक. ही खूण बनावट नोटा पकडण्यासाठी आहे असं सांगतात, पण ती उमटते प्रत्येकाच्या पत्रावर, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं. मला हे फार गंभीर वाटतं. एकरंगी लेझरमध्ये पिवळा टोनरच नसतो, त्यामुळे माझं मत कृष्णधवल यांना.

कृष्णधवल

धन्यवाद. आणि पान्हा यांनी ड्रम, बेल्ट, फ्यूजर, डबा यांबद्दल जेवढं लिहिलं त्यातलं अर्धं एकरंगी घेणाऱ्याला वाचायचीही गरज नाही. माझं मत बदललेलं नाही.

शिवणयंत्र

चर्चा वाचून मी रंगीत लेझरकडे झुकलेय. मला शिवणाचे नमुने आणि जाड कागदावरची घडीची शुभेच्छापत्रं छापायची असतात. जाड कागद चालतो का?

पान्हा

चालतो, पण माहितीपुस्तिकेत कागदाचं कमाल वजन, म्हणजे जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), बघून घ्या. ट्रेसाठी आणि हातानं एकेक कागद सरकवायच्या फटीसाठी हा आकडा वेगवेगळा असू शकतो. मागचं झाकण उघडून कागद सरळ बाहेर येत असेल तर तसाच काढा, वळणावर जाड कागद अडकतो. ड्रायव्हरमध्ये ‘जाड कागद’ नक्की निवडा. त्यानं प्रिंटर हळू चालतो आणि भुकटीला वितळायला वेळ मिळतो, नाहीतर नखानं रंग खरवडून निघेल. घडीवर गडद रंग ठेवू नका. टोनर कागदाच्या वर बसलेला असतो, घडी घातली की तिथे तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. घडीच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा कोरी सोडा. आणि शिवणाचा नमुना छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकार ठेवा. पहिल्या पानावरचा मापाचा चौकोन पट्टीनं मोजल्याशिवाय पुढची पानं काढू नका.