पुढची गाडी डिझेल एसयूव्ही घ्यावी का? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पेट्रोलची छोटी गाडी आहे. ती आता जुनी झाली आणि घरातली माणसं वाढली. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, त्यामुळे वाकून आत शिरायच्या गाडीत त्यांना फार त्रास होतो. म्हणून उंच, ऐसपैस गाडी घ्यायचं चाललंय आणि घरात सगळ्यांच्या तोंडी डिझेल एसयूव्हीच आहे.

आमचं रनिंग असं: रोज जुळे सोलापूर ते सात रस्ता, मुलांची शाळा, क्लास, कधी नवी पेठ. सगळं मिळून पंधरा-सोळा किलोमीटरच्या आत. महिन्यातून एखाद वेळी मंगळवेढ्याकडे गावी, शेतावर. अधूनमधून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. थोरली पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला जाईल, मग त्या फेऱ्या वाढतील. बजेट ऑन-रोड सोळा-सतरा लाख.

शोरूममध्ये सांगतात ते ऐकून झालं. वापरणाऱ्यांनी सांगावं असं वाटतं: गाडी रोज कुठे फिरते, आपल्या उन्हाळ्यात कशी चालते, खर्च कुठे निघतो. ब्रँडवरून वाद नकोत, एवढी विनंती.

अक्कलकोट रोड, टॉवेलचा व्यवसाय

वहिनी, माझी क्रेटा, दीड लिटर डिझेल, मॅन्युअल. हैदराबादला कायम जाणं-येणं असतं, मध्येच इचलकरंजी, कधी बंगळूर. माझ्यासारख्याला डिझेलशिवाय दुसरा विचार नाही. हायवेला नव्वदच्या आसपास धरून चाललं की अठराच्या वर अॅव्हरेज मिळतं. पन्नास लिटरची टाकी इथे फुल केली की हैदराबादला जाऊन परत येईपर्यंत पंपाकडे बघावं लागत नाही.

खरी मजा कळते ती भर मे महिन्यात. पाच माणसं, डिकीत सॅम्पलच्या पेट्या, एसी फुल, बाहेर ४३ डिग्री. पुढे ट्रक असेल तर गिअर न टाकता नुसतं पाय दाबला की गाडी निघते. कारण डिझेलचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढायची ताकद, खालच्या आरपीएमलाच, इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो. या इंजिनाचा २५० एनएम आहे. टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) नसलेली पेट्रोल गाडी तेवढ्या वजनाला खालचा गिअर मागते आणि इंजिन ओरडतं.

एक सांगून ठेवतो. फर्मवाले मित्र बिलाच्या फायद्यासाठी गाडी कंपनीच्या नावावर घ्यायला सांगतात. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर पासिंग केलं की रोड टॅक्स सरळ २० टक्के. वैयक्तिक नावावर डिझेलला किंमतीप्रमाणे १३ ते १५. सीएला विचारूनच ठरवा.

सात रस्ता, शिक्षक

ताई, तुमचं रनिंग वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण ते हुबेहूब माझं आहे. शाळा, घर, मंडई. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका गाडीचा नाही, १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्याच बीएस-६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेलचा आहे.

या गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी तिच्यात अडकते, म्हणून मागून काळा धूर येत नाही. अडकलेली काजळी जाळून टाकायला जाळी जवळजवळ सहाशे डिग्रीपर्यंत तापावी लागते. त्याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजवाले नुसतं 'रिजन' म्हणतात. गाडी साठच्या वर वेगाने वीसेक मिनिटं सलग चालली की ते आपोआप होतं. गावात तीन-चार किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा तीन-चार किलोमीटर, असं केलं की जाळी तापतच नाही. वर अर्धवट रिजनमध्ये जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे.

माझ्या गाडीत पहिल्या वर्षीच पिवळा दिवा लागला. गाडी घेताना हे कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. वर्कशॉपमध्ये मशीन लावून रिजन करून दिलं, पैसे घेतले. त्यानंतर मी नेम धरलाय: दर रविवारी सकाळी बाळ्याहून पुढे पुणे हायवेला सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडपर्यंत, चौथ्या गिअरमध्ये, सत्तर-ऐंशीने, आणि परत. वडील बरोबर येतात, त्यांचं फिरणं होतं. दिवा पुन्हा लागलेला नाही. रिजन चालू असताना ओळखता येतं. उभ्या गाडीचा आरपीएम थोडा वाढतो, पंखा मोठ्याने फिरतो, अॅव्हरेज खाली येतं. अशा वेळी गाडी बंद करायची नाही, पाच-दहा मिनिटं आणखी फिरवून आणायची.

हे जमणार असेल तर डिझेल घ्या. दर आठवड्याला हायवे दाखवायला घरात कुणाला वेळ नसेल तर मी नको म्हणेन.

मोहोळ तालुका, ऊस आणि ज्वारी

बोलेरो. दुसरं काही चालत नाही. चेसिसवरची, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावरची बॉडी, मागच्या चाकांना जोर, कुठलाही मिस्त्री उघडतो.

पण ताई, एक गैरसमज काढून टाका. एसयूव्ही म्हणजे चिखलातून निघणारी गाडी नव्हे. शहरात दिसतात त्यातल्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. आपली काळी माती सप्टेंबरच्या पावसात टायरला अशी बसते की नक्षीच दिसत नाही, मग उंची असून उपयोग शून्य. माझ्या बांधावर पुण्याच्या पाहुण्यांची मोठी चकचकीत एसयूव्ही ट्रॅक्टरने ओढून काढली. मंगळवेढ्याची जमीन तर आमच्याहून काळी. शेत डांबरी रस्त्याला लागून असेल तर हरकत नाही. आत पाणंदीने जायचं असेल तर पावसाळ्यात गाडी रस्त्यावर लावा आणि चालत जा. सासूबाईंना तेवढं चालवणार नाही, हेही धरा.

होटगी रोड, बँकेत नोकरी

मी फक्त हिशेब मांडतो. धरून चाललेले आकडे आहेत, तुमच्या कोटेशनचे घालून पुन्हा करा.

समजा पेट्रोल मॉडेल एक्स-शोरूम १२ लाख, तेच डिझेलमध्ये १३ लाख २० हजार. रोड टॅक्स १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. म्हणजे पेट्रोलचा टॅक्स १ लाख ४४ हजार, डिझेलचा १ लाख ८४ हजार ८००. दोन टक्के ऐकायला कमी वाटतात, पण टॅक्समध्येच चाळीस हजारांचा फरक पडला. एकूण फरक १ लाख ६० हजारांच्या घरात.

आता इंधन. पेट्रोल १०५ रुपये आणि १३ चं अॅव्हरेज: किलोमीटरला ८ रुपये. डिझेल ९२ आणि १८ चं अॅव्हरेज: ५ रुपये १० पैसे. किलोमीटरमागे साधारण तीन रुपये वाचतात. म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे जावं लागतं. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेचार वर्षं. महिन्याला पाचशेवाल्याला नऊ. तोपर्यंत गाडी बदलायची वेळ येते.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल आता १८ टक्क्यांत येते, आधी सेससकट ३१ होता. त्याच्यापेक्षा मोठी असली की ४० टक्के. नेक्सॉन, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, बोलेरो निओ या १८ च्या गटात. क्रेटा, सेल्टोस, स्कॉर्पिओ ४० च्या. तुमच्या बजेटमध्ये हीच रेघ सगळ्यात महत्त्वाची आहे. सहा माणसं असतील तर १८ च्या गटात सात सीटची बोलेरो निओ बघण्यासारखी. मात्र तिची मागची सीट आडवी, समोरासमोरची, मुलांपुरतीच.

देगाव नाका, गॅरेज

ओ ताई, मास्तरांनी डीपीएफचं बरोबर सांगितलं बगा. मी त्यात थोडं घालतो.

एक, ऑइल. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तकात ग्रेड लिहिलेला असतो. बाहेरून स्वस्त डबा आणून ओतला तर राख जाळीत बसते आणि ती राख रिजनने जळत नाही. मग जाळीच बदला. लई महाग पडतं ते.

दोन, पंप. डिझेलमध्ये पाणी आलं की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, गेला. ज्या पंपावर ट्रकची गर्दी, तिथला माल ताजा. फिल्टरचं पाणी सर्व्हिसला काढून घ्या, समोर उभं राहून.

तीन, टर्बो. तुळजापूरचा घाट चढून आलात, गाडी लावली आणि चावी काढली, असं नको. अर्धा-एक मिनिट चालू ठेवा. आत ऑइल फिरलं पाहिजे.

आणि सेकंडहँड बगणार असाल तर गाडी सकाळी थंड असताना चालू करून बगा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा जावा. ऑइलचं झाकण उघडून भसाभसा वाफ येत असेल तर इंजिन थकलं. काही लोक डीपीएफ पोकळ करून घेतात, दिवा सॉफ्टवेअरने बंद करतात. ते बेकायदा आहे. असली गाडी घेऊ नका, किती का स्वस्त मिळेना.

बार्शी रोड, पेट्रोलवाला

आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, इथेनॉल इथेच बनतं, आणि ते आता पेट्रोलमध्ये वीस टक्के आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं उतरतं. तेवढं सोडलं तर माझ्या पेट्रोल एसयूव्हीला काही त्रास नाही. शहरात दिवसाला पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याने डिझेलचा विचार का करावा, मला खरंच समजत नाही.

विजापूर रोड, दोन गाड्यांचं घर

वरच्या सगळ्यांना जोडून. आम्ही जुनी छोटी पेट्रोल विकली नाही. शाळा, बाजार, दवाखाना तिच्यावर. मोठी डिझेल गावाला, पुण्याला, गाणगापूरला, लग्नाकार्याला. त्यामुळे डिझेलला मिळतं ते बहुतेक हायवेच आणि जाळीचा प्रश्नच आला नाही. जुनी गाडी बदलून मिळणारे पैसे फार नसतात. तिचा विमा आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचा खर्च एवढं धरा. घरासमोर दोन गाड्या लावायला जागा असेल तर ताई, तुमच्यासाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो.

पुन्हा धागाकर्ती, जुळे सोलापूर

खूप आभार सगळ्यांचे. जागा आहे, जुनी ठेवता येईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. युरिया घालावा लागतो म्हणतात, ते काय प्रकरण आहे? आणि गुडघ्यांच्या दृष्टीने कुणी अनुभव सांगेल का?

आसरा चौक, परिचारिका

दोन्हीचं सांगते. आमच्या गाडीला युरिया लागतो, म्हणजे डीईएफ. सगळ्या डिझेलला लागत नाही, घेताना विचारा. वेगळी टाकी असते, त्यात पाणी आणि साडेबत्तीस टक्के युरिया. तो धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करतो. हायवेच्या पंपांवर बादल्या मिळतात. गाडी बरेच किलोमीटर आधीपासून सूचना देते, ती टाळायची नाही. टाकी पूर्ण रिकामी झाली तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. स्वस्त पडतं म्हणून बादल्या आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आपल्या उन्हाने तो खराब होतो. शेतीचा युरिया तर अजिबात नाही.

आता गुडघे. माझ्या आईचेही बदलले आहेत. 'उंच गाडी बरी' हे अर्धंच खरं. फार खाली असलेली सीट वाईट, कारण उठताना सगळा भार गुडघ्यावर. फार वर असलेलीही वाईट, कारण पाय उचलून चढावं लागतं. स्कॉर्पिओसारख्या चेसिसवरच्या गाडीत आईला दांडा धरून, फूटस्टेपवर पाय ठेवून चढावं लागायचं आणि नऊवारीत ते फार अवघड. सीटची उंची उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडी खाली आली की पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. क्रेटा, सेल्टोस, नेक्सॉन या उंचीच्या गाड्यांत आईला ते जमतं. मागचा दरवाजा किती उघडतो आणि उंबरा किती रुंद आहे, हेही बघा. उंबरा रुंद असला की पाय त्यावरून ओढत न्यावा लागतो.

तिसऱ्या रांगेसाठी मधली सीट दुमडावी लागते. सासूबाई मधल्या रांगेत, मुलं मागे असं धरलं तर मुलं दर वेळी त्यांना उठवूनच उतरणार. मधे दोन वेगळ्या सीट आणि बोळ असेल तर हा त्रास नाही.

टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंनाच घेऊन जा, त्या रोज नेसतात तेच लुगडं नेसून. दोनदा चढू-उतरू द्या, डावीकडून आणि उजवीकडून. मग सगळे बसून बाळ्याकडे हायवेला गाडी काढा, दुपारी बारा-एकच्या उन्हात. मागच्या रांगेत एसी पोचतो की नाही, ते तेव्हाच कळेल.