उशीर होणार हे ग्राहकाला सांगणे अव्यावसायिक ठरते का?

प्रश्न

गेल्या आठवड्यात ग्राहकासोबतच्या बैठकीत आमच्या वरिष्ठांनी काम ठरलेल्या तारखेला पूर्ण होईल असे सांगितले. निम्म्या चाचण्या बाकी असल्याने ते शक्य नव्हते आणि मी तिथेच तसे बोललो. नंतर वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन "हे व्यावसायिक वागणे नव्हे" असे सुनावले. वेळ, पेहराव, सौम्य भाषा हे सारे मी पाळतो; मग व्यावसायिकतेसाठी खरेही गिळायचे का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. 'प्रोफेशन' हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ जाहीरपणे ग्वाही देणे असा आहे. म्हणजे दिलेला शब्द आधी, पेहराव नंतर. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या ताठर होऊन सांधे नीट बंद राहणार नाहीत, म्हणून उड्डाण पुढे ढकलावे, असा आग्रह ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच धरला होता, पण त्यांच्या कंपनीच्या व्यवस्थापनाने तो बाजूला सारला. त्या रात्री नकोसे झालेले ते अभियंतेच मला खरे व्यावसायिक वाटतात.

प्रतिसाद २

उदाहरण पटते, परंतु इथे प्रश्न जिवाचा नसून तारखेचा आहे, त्यामुळे कोणाला आणि केव्हा सांगितले यालाही महत्त्व येते. चाचण्या बाकी असल्याचे वरिष्ठांना बैठकीपूर्वी माहीत होते का? माहीत असूनही त्यांनी तारीख दिली असेल, तर दोष त्यांचा. माहीत नसेल, तर त्यांना ग्राहकासमोर तोंडघशी पाडण्यात तुमचाही वाटा आहे, कारण अडचण दिसताच ती वर कळवणे हा कामाचाच भाग असतो. बैठकीत "उरलेल्या चाचण्या तपासून उद्या नक्की तारीख कळवतो" असे म्हटले असते, तर खोटेही बोलावे लागले नसते आणि वरिष्ठांचा मानही राहिला असता.

प्रश्नकर्ता

त्यांना माहीत नव्हते. साप्ताहिक अहवालात मी तीन आठवडे "काम सुरू आहे" एवढेच लिहीत होतो. हे मला आधी सुचायला हवे होते. उद्या उरलेल्या चाचण्यांची यादी आणि जमण्याजोगी तारीख घेऊन त्यांना भेटतो.

प्रतिसाद २

अवश्य भेटा, आणि अहवालातील ती उणीव त्यांनी विचारण्याआधी स्वतःहून सांगा.