‘देवावर हवाला’ आणि ‘रामभरोसे’ एकच का?

विचारणा (अंबाजोगाई)
पेरणीच्या दिवशी आमची आई म्हणते, “देवावर हवाला ठिवून चाड्यावर मूठ धरा.” मी मोबाईलवर आठवड्याचा पाऊस बघत बसलो की, “त्याचा काय भरवसा!” पण हाच ‘हवाला’ पेपरात काळ्या पैशाच्या बातमीत येतो. शिवाय ‘देवावर हवाला’ म्हणजेच ‘रामभरोसे’ का? दुसरा शब्द तर टोमण्यासारखा वाटतो.

परभणी
हवाला मूळचा अरबी, आपल्याकडं फारसीतून आला. अर्थ सोपवणं. ‘हवाली करणे’ त्यातलंच, आणि हवालदार म्हणजे ज्याच्या ताब्यात दिलं तो. पैशाच्या हवाल्यातही रक्कम एका गावी सोपवायची नि दुसऱ्या गावी दुसऱ्यानं चुकती करायची.

आता सोपवायचं तर आधी हातात काहीतरी लागतं. तुमच्या आईनं वखराच्या पाळ्या घालून घेतल्या असतील, घरच्या सोयाबीनची उगवण गोणपाटात बघितली असेल, बियाण्याला औषध चोळलं असेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं आमचं कृषी विद्यापीठ दरसाल सांगतं. माउली ढेकूळ फोडून ओल बघतात, हिशेब तोच. एवढं झाल्यावर जे आपल्या हातचं नाही, ते देवावर. ‘शाळा रामभरोसे चालली’ म्हणतो तिथं कुणी काही केलेलंच नसतं. रामाला कुणी विचारलेलंही नसतं. टोमणा रामाला नाही, कारभाऱ्याला आहे.

लातूर
‘भिस्त’ राहिली की. आमची भिस्त मांजरा धरणावर. २०१६ ला ते आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, मग भिस्त रेल्वेवर. देवावर मात्र हवालाच.

जालना
असं काही नाही, ‘सगळी भिस्त देवावर’ सर्रास म्हणतात. आणि नुसतं बसून राहणाऱ्याला भाषेनं मोकळं सोडलेलं नाही, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ त्याच्यासाठीच आहे. पण यंत्राचंही कौतुक बेतानं करा. २०१५ ला आणि पुन्हा २०१९ ला औरंगाबादेतून कृत्रिम पावसाची विमानं उडाली. फवारायलाही आधी पाण्यानं भरलेला ढग लागतो, आणि तो काही विमान आणत नाही.

विचारणा (अंबाजोगाई)
एक ध्यानात आलं. ‘मोबाईलचा भरवसा नाही’ आई रोज म्हणते, पण ‘मोबाईलवर हवाला’ कुणाच्याच तोंडी ऐकलं नाही.

परभणी
बरोबर. भरवसा मोडतो, म्हणून तर ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’. हवाल्यात मोडण्याची गोष्टच नाही. एकदा सोपवलं की परत हिशेब मागत नाहीत. अंदाज बघायला आईंची ना नसावी. पाऊस हुकला तर भांडायचं कुणाशी, मोबाईलशी?

लातूर
तेवढं ‘देवाच्या हवाली’ पेरणीला म्हणू नका. डॉक्टरनं हात टेकले की घरचे ‘देवाच्या हवाली केलं’ म्हणतात. बी टाकताना आमच्याकडं ते तोंडातून निघालं तर म्हातारी माणसं खेकसतात. तिथं ‘देवावर हवाला’च.